पिकअपला रात्री दिसत नाही

बेंगळुरात जे. पी. नगरात राहणाऱ्या हणमंतराव घाटगे यांना रात्री गाडी चालवताना समोरचं दिसत नाही, ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या दसऱ्यापर्यंत त्यांच्या घरी आणि शेजारी सगळ्यांना माहीत झाली होती. शेजारी म्हणजे आम्ही. फक्त हणमंतरावांना ती मान्य नव्हती. त्यांच्या मते त्यांना स्वच्छ दिसत होतं. दिसत नव्हतं ते पिकअपला.

पीण्या भागातल्या कारखान्यांत तयार झालेले लोखंडी भाग संध्याकाळी पिकअपमध्ये भरायचे आणि रात्री होसूरला पोचवायचे, हा त्यांचा जुना धंदा. दिवसा का नाही, असं बेंगळुरातली दिवसाची रहदारी पाहिलेला कुणी विचारत नाही. त्या सुमारास एका रात्री त्यांनी मैलाच्या दगडाला पोलीस समजून गाडी थांबवली, काच खाली केली आणि अदबीनं कागद पुढे केले. पुढच्या आठवड्यात पोलिसाला मैलाचा दगड समजून ते थांबलेच नाहीत. पहिल्या प्रसंगी काही झालं नाही; दुसऱ्या प्रसंगी बरंच झालं.

"अहो, स्वल्प डोळे दाखवून या की," शारदाबाई म्हणाल्या.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? लाइट पुरत नाही गाडीचा."

खरं कारण वेगळं होतं. डोळ्यांत काही निघालं तर लायसन्स जाणार, लायसन्स गेलं की गाडी जाणार, आणि मग थोरल्या भावाच्या कापडदुकानात गल्ल्यामागे बसून 'या अक्का, बसा अक्का' करत उरलेला जन्म काढावा लागणार, या धास्तीनं हणमंतरावांचा जीव अर्धा झाला होता. शारदाबाईंची धास्ती साधी होती. नवरा परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं. फाटकाशी पिकअपचा आवाज येईपर्यंत त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे.

हणमंतराव जे. सी. रोडवर रघुजींच्या दुकानात गेले. रघुजी मोटारींना लागणाऱ्या शोभेच्या आणि उपयोगाच्या वस्तू विकत. गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर गाडीला काहीतरी बसवणं हाच इलाज, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिच्यावर त्यांचं तीन मजली घर उभं होतं.

"काय दिसत नाही, अण्णा?"

"समोरचं."

"मग समोर बसवू," रघुजी म्हणाले, आणि बंपरवर दोन पिवळे दिवे बसले.

पहिल्या रात्री हणमंतराव खुशीत होते. पण होसूर रोडचा एक रिवाज आहे. समोरच्याचा लाइट डोळ्यांत गेला की आपण आपला कमी करायचा नसतो, आपलाही पूर्ण मारायचा असतो. जो आधी डिपर देतो, म्हणजे उजेड खाली करतो, तो लहान ठरतो. त्यामुळे पिवळे दिवे लागताच समोरून येणाऱ्या यच्चयावत गाड्यांनी त्यांना पूर्ण उजेडानं उत्तर दिलं आणि हणमंतरावांना होतं तेही दिसेनासं झालं.

"साहजिक आहे," रघुजी म्हणाले. "समोरच्यांकडे आता सहा सहा दिवे असतात. तुमच्याकडे चार." समोरच्यांना ते कुणी विकले, हा विषय त्यांनी काढला नाही. टपावर आडवी नळी टाकून तिच्यावर चार दिवे चढले. दिवे चढल्यावर बॅटरी पुरेना, म्हणून मोठी बॅटरी आली. एवढं सगळं होऊनही समोरचे बाजूला होईनात, म्हणून नवा हॉर्न आला.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह लागला. चौकात हवालदार काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन उभे होते. त्यांनी पिकअप बाजूला घेतली आणि प्रत्येक दिव्याचा वरचा अर्धा भाग रंगवायला सुरुवात केली.

"हे काय?"

"समोरच्याच्या डोळ्यांवर लाइट जाऊ नये म्हणून."

"मग मला कसं दिसणार?"

"तुमच्या दिसण्याचा सप्ताह नाही हा," हवालदार ब्रश डब्यात बुडवत म्हणाले. "समोरच्याच्या दिसण्याचा आहे."

रघुजींनी बोटांवर हिशेब केला. आठ अर्धे म्हणजे चार पूर्ण. म्हणजे आपण होतो तिथेच आलो. हे नुकसान भरून काढायला आणखी चार दिवे बसवणं भाग होतं, आणि ते पुढच्या सुरक्षा सप्ताहापर्यंत कायद्याच्या दृष्टीनं न रंगवलेले राहणार होते. अशा रीतीनं पिकअपवर बारा दिवे झाले. ती रात्री आमच्या गल्लीतून निघाली की कोंबडे आरवत.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. गाडीची योग्यता तपासणी आणि हणमंतरावांच्या लायसन्सचं नूतनीकरण. परिवहन कार्यालयात निरीक्षक महांतेश भेटले. बेळगावकडचे, घरी कन्नड आणि दारी मराठी बोलणारे, स्वभावानं गोड. त्यांनी भर दुपारी उन्हात गाडी उभी करायला लावली.

"लावा दिवे."

"लावलेत."

महांतेशांनी कपाळावर हात धरून निरखलं. "दिसत न्हाईत की ओ."

"उन्हात कसे दिसतील, साहेब? रात्री या बघायला."

"रात्री ऑफिस बंद असतंय, अण्णा. रात्रीचं सगळं आमी दिवसाच बघून घेतो." त्यांनी काचेला हात लावला, चटका बसला, आणि अहवालात लिहिलं: 'दिवे प्रज्वलित असल्याचे स्पर्शाने सिद्ध. उजेड आढळला नाही.'

मग अडचण निघाली. मालवाहू गाडीला इतके दिवे चालत नव्हते. महांतेशांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. दिव्यांच्या संख्येला मर्यादा नसलेला एकच वर्ग त्यात होता, तो म्हणजे मिरवणूक वाहन.

"मी लोखंड नेतो, साहेब. मिरवणूक कसली?"

"लोखंडाची मिरवणूक काढू नये, असं कुठं लिवलंय? दोनच अटी हायत बघा. एक, वाद्य पायजे."

"आता वाजंत्री कुठून आणू?"

"टेप चालतंय. सनई लावा. दुसरी अट, वेग चालणाऱ्या माणसाइतका पायजे."

"होसूरला मी कधी पोचणार मग?"

महांतेशांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "चालणारा माणूस किती जोरात चालतो, हे नियमात न्हाई."

राहिला डोळ्यांचा दाखला. त्याचं नाव निघताच हणमंतरावांना थोरल्या भावाचा गल्ला दिसू लागला. दिव्यांचं काय, विकत मिळतात. डोळ्यांत बघून डॉक्टर 'नाही' म्हणाला की संपलं. कार्यालयासमोर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या डॉ. भीमाचार्यांकडे ते फाशीच्या तख्ताकडे जावं तसे गेले. डॉक्टर सत्तरीचे होते आणि त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडाइतका जाड होता.

"तक्ता वाचा," डॉक्टर म्हणाले.

हणमंतरावांना अक्षरं सोडाच, तक्ताच दिसेना. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तक्ता कुठंय, डॉक्टर?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी मान वळवून झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं. "इथंच असायला हवा." तक्ता गेल्याच आठवड्यातल्या वाऱ्यानं उडून गेला होता, असं शेजारच्या शहाळेवाल्यानं सांगितलं. दोघंही काही वेळ बुंध्याकडे आदरानं बघत राहिले.

"गाडीला दिवे किती?"

"बारा."

"अरे वा! मग आणखी काय बघायचंय? सही कुठं करायची, तिथं बोट ठेवा."

हणमंतरावांनी अंदाजानं बोट ठेवलं. डॉक्टरांनी अंदाजानं सही केली. ती निम्मी कागदावर आणि निम्मी नखावर आली. वर लिहिलं होतं: 'दृष्टी उत्तम.'

घरी आल्यावर हणमंतरावांनी तो कागद शारदाबाईंच्या पुढ्यात ठेवला. "वाच. सरकारनं लिहून दिलंय. आता बोल."

शारदाबाईंनी भाताखालचा गॅस बंद केला, पदर खोचला आणि त्या संध्याकाळी पिकअपमध्ये जाऊन बसल्या.

"तू कुठं निघालीस?"

"सरकारबरोबर मीपण येते."

त्या दिवसापासून पिकअपमध्ये दोन माणसं, बारा दिवे आणि एक सनई असा सरंजाम रोज होसूरला जाऊ लागला. शारदाबाई समोर बघत बसायच्या. "डावीकडे सायकल आहे," त्या म्हणायच्या. "मला दिसलीय," हणमंतराव म्हणायचे आणि गाडी जोरात उजवीकडे घ्यायचे. "सरी," म्हणजे बरं, एवढंच शारदाबाई म्हणायच्या. भांडणाला त्यांनी रस्त्यावर जागा ठेवली नव्हती. नाक्यावरच्या पोलिसानं पहिल्या रात्री दिवे पाहिले, सनई ऐकली आणि आत डोकावून विचारलं, "नवरा मुलगा कुठंय?" शारदाबाईंनी शेजारी बोट दाखवलं. पोलिसानं हात जोडून वाट करून दिली. बायकोच्या डोळ्यांवर आपली गाडी चालली आहे, हे हणमंतरावांना कळत होतं. ते मान्य करण्यापेक्षा त्यांनी सनई मोठी केली.

एप्रिलच्या अखेरीस ते चंदापुऱ्याच्या पुढे गेले असताना समोरून दुसरी सनई ऐकू आली.

महांतेशांनी दाखवलेली वाट एव्हाना बऱ्याच जणांनी धरली होती. समोरून येणारी गाडीही मिरवणूक वाहनच होती. तिचे दिवे मोजता येत नव्हते. रस्त्याच्या त्या टोकाला नुसती पांढरी भिंत उभी होती. दोन्ही गाड्या मधोमध होत्या.

"डिपर द्या," शारदाबाई म्हणाल्या.

"त्यानं आधी द्यावा. बारा दिव्यांची गाडी आहे आपली."

"अहो, द्या डिपर!"

"मी देणार नाही."

भिंत जवळ आली. शारदाबाईंनी डोळ्यांपुढे हात धरला, बोटांच्या फटीतून पाहिलं, आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा दंड धरला. "मला काही दिसत नाही हो आता. मलापण दिसत नाही!"

हे ऐकताच हणमंतरावांचा पाय ब्रेकवर गेला. या गाडीत बघणारं एकच माणूस होतं, आणि त्याचे डोळे आपण आपल्या हट्टानं घालवले, हे त्यांना त्या क्षणी जितकं स्वच्छ दिसलं तितकं वर्षभरात काहीच दिसलं नव्हतं. गाडी घसरत गेली. शारदाबाईंनी पुढे वाकून हाताला लागली ती दिव्यांची सगळी बटणं खाली पाडली. समोरच्या चालकाला एकाएकी पुढची गाडीच नाहीशी झालेली दिसली आणि भेदरून त्यानंही ब्रेक मारला. दोन्ही बंपरांमध्ये वीतभर अंतर उरलं. दोन्ही सनया मात्र चालूच होत्या.

समोरच्या गाडीतून जाड चष्म्याचे एक गृहस्थ उतरले आणि बॉनेट चाचपत पुढे आले. ते डॉ. भीमाचार्य होते.

"दिसत नाही का तुम्हाला?" डॉक्टर गरजले.

"तुम्हीच तर लिहून दिलंय, दृष्टी उत्तम!"

"लिहिल्याचं सोडा हो. दिसतं का?"

हणमंतराव म्हणाले, "नाही. तुम्हाला?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा दाखला त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता. त्यावरची सही मात्र पूर्ण कागदावर होती.

शारदाबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून रडत होत्या. हणमंतराव जवळ गेले तशा त्या उसळल्या. "लायसन्स गेलं तर जाऊ दे. गाडी गेली तर जाऊ दे. मला तुम्ही पाहिजे. कळलं?" हणमंतरावांनी तिथल्या तिथे कबूल केलं की पिकअपला पहिल्यापासून दिसत होतं.

हणमंतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पावसाळ्याआधी दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, लायसन्स राहिलं, आणि थोरल्या भावाच्या गल्ल्यामागची खुर्ची रिकामीच राहिली. डॉक्टरांनीही डोळे करून घेतले, आणि पहिलं काम म्हणून झाडाला नवा तक्ता ठोकला. तेव्हापासून त्यांच्या टेबलाशी कुणी फिरकत नाही. लोक पलीकडच्या झाडाखालच्या डॉक्टरकडे जातात.

हणमंतराव आता दोन दिव्यांवर, शारदाबाईंना शेजारी घेऊन होसूरला जातात आणि समोरून कुणीही आलं तरी आधी डिपर देतात. त्या रस्त्यावर त्यांना आता मान राहिलेला नाही. काढलेले दहा दिवे रघुजींनी परत घेतले आणि त्याच आठवड्यात विकले. गिऱ्हाईक भल्या घरचं होतं, एवढंच ते सांगतात.

परवा शारदाबाईंना बरं नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी आम्ही बसलो होतो. चंदापुऱ्याजवळ समोरून एक गाडी पूर्ण उजेडात आली. हणमंतरावांनी डिपर दिला, थोडा वेळ वाट पाहिली, मग पिकअप मुकाट्यानं रस्त्याच्या खाली मातीत उतरवली. ती गाडी आमच्या शेजारी जरा थांबली, काच खाली झाली, आणि "दिसत नाही का रे?" असं ओरडून निघून गेली. हणमंतरावांना आता छान दिसतं. बंपरवरचे आपले पिवळे दिवे त्यांनी ओळखले, आणि त्या गाडीत चाकामागे बसलेल्या तुम्हालाही ओळखलं.

आम्ही तुम्हाला दिसलो नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तसा दाखला आहे तुमच्याकडे.