त्रेचाळीस लिंकांची हमी

आमच्या हेडक्लार्कांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत कशाचीही जबाबदारी अंगावर घेतली नव्हती. (दोन प्रमोशनं मिळाली, ती याच गुणावर.) ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नकलेवर ते स्वतःच्या हाताने शिक्का मारत: 'मजकुराची खात्री केलेली नाही.' मग रात्री कशी शांत झोप लागे.

त्यांच्या बायकोने मात्र कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून नाटकांचे पोशाख शिवून भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. भाचीने छान वेबसाइट करून दिली. तीन महिन्यांत गिऱ्हाईक आलं नाही, तर मुकाट्याने कारखान्यात परत जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

"अहो, एवढं एक काम करा," त्या एका रविवारी म्हणाल्या. "कापडवाल्याने आपल्या साइटवर जाहिरात दिलीय ना, त्या लिंकला 'नोफॉलो'ची टिक करायची राहिलीय."

"ती कशाला?"

"जाहिरातीची लिंक आहे. सर्च इंजिनला सांगायचं, की हिची हमी आम्ही देत नाही, हिच्या मागे जाऊ नका."

हेडक्लार्कांना अगदी भरून आलं. इंटरनेटवर आपल्या विचारांचं कुणीतरी आहे तर. ते सरसावून बसले आणि कापडवाल्याला टिक केली. मग नजर खालच्या, एकेका पोशाखाच्या पानाकडे नेणाऱ्या लिंकांवर गेली. राजाचा पोशाख, म्हातारीचा पोशाख, राक्षसाचा पोशाख. आता राक्षसाच्या शिंगांची हमी कोण देणार? ऐन प्रवेशात एक गळून पडलं म्हणजे? त्यांनी राक्षसालाही टिक केली. एकाला केली आणि दुसऱ्याला नाही, हा पक्षपात झाला असता. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लिंका निकालात निघाल्या.

"झालं का हो?"

"एकदम चोख," ते म्हणाले.

त्यानंतर फोन वाजायचं नाव घेईना. अडीच महिने गेले. बाई रोज 'राजाचा पोशाख भाड्याने' असं शोधून बघत. जगातले सगळे राजे दिसत, त्यांचा तेवढा दिसत नसे.

"सोमवारी कारखान्यात विचारून येते," एक दिवस झब्ब्याची घडी घालताना त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताला गुण नाही बहुतेक."

बायकोला इतकं खचलेलं हेडक्लार्कांनी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, लोकांनाच पारख नाही," ते म्हणाले, आणि भाचीला बोलावून घेतलं. (सव्वीस वर्षांत आपण होऊन उचललेलं हे पहिलं पाऊल.)

भाचीने लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. "मामी, सर्च इंजिन दारापर्यंत येतंय. पण आपलीच साइट त्याला प्रत्येक खोलीपाशी सांगतेय, की इथे जाऊ नकोस, आमचा भरवसा नाही. तुमचे पोशाख त्याने बघितलेलेच नाहीत."

"म्हणजे माझ्या शिवणात खोट नाही?"

"छे हो. टिका काढून टाकते. थोडे दिवस जातील, पण पानं दिसायला लागतील."

बाईंनी डोळे पुसले. हेडक्लार्क चहा ठेवण्याच्या निमित्ताने उठले. (चहा त्यांना येत नाही.)

"पण मामी, हे चुकून होत नाही," भाची हळूच म्हणाली. "कुणीतरी बसून एकेक टिक केलीय. तुमच्या वाईटावर आहे का कुणी?"

"नाही गं," बाई स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या. "वाईटावर असता, तर एवढा अख्खा रविवार खर्ची घातला नसता. हे भलं करणाऱ्याचं काम आहे."