शिशाच्या सारणाचे मोदक

आमच्या वैशंपायनकाकांकडे वर्षभर मोदक होतात. फक्त त्यांत सारण शिशाचं असतं.

इकडं परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या त्यांच्या घराखालची खोली मी भाड्यानं घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी गॅरेजमधून 'खट्ट, कर्र, खट्ट' असा आवाज आला. डोकावून पाहिलं तर धुण्याचं मशीन आणि तांदळाचं पोतं यांच्या मधे स्टूल टाकून काका बसलेले. अंगात बंडी, पायात जांडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात एका यंत्राचा लोखंडी दांडा. समोर परात आणि परातीत हिरवी काडतुसं. त्यातलं एक उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"कळ्या बघ. सहाच्या सहा सारख्या. तुझ्या काकूला जन्मात जमल्या नाहीत."

छर्‍यांच्या बंदुकीचं काडतूस भरून झालं, की त्याचं प्लास्टिकचं तोंड घड्या पाडून मिटवावं लागतं. दिसतं थेट मोदकासारखं, फक्त शेंडा आत दाबलेला. बार उडाला की ते तोंड उमलतं आणि हातात रिकामं नळकांडं उरतं. बाकीचे लोक ते तिथंच टाकून जातात. काका ते उचलतात आणि घरी आणून पुन्हा भरतात. त्यांच्या भाषेत ही 'टरफलं'. शेंगा दुसऱ्यांनी खायच्या आणि टरफलं तुम्ही उचलायची का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "उचलून मला कंबरदुखी येते गं, कमीपणा येत नाही."

माणूस कट्टर शाकाहारी. अंडं घातलेला केक दिसला तरी दोन पावलं मागे सरकतात. पण त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात पक्षी मारत नाहीत. यंत्रातून मातीची बशी भिरकावतात, ती हवेत फोडायची. "बशी फोडल्याचं पाप लागत असतं तर तुझी काकू केव्हाच नरकात गेली असती," असं त्यांचं शास्त्र आहे.

त्यातही काकांचा जीव स्वस्तातल्या टरफलांवर. चांगल्या काडतुसाचं बूड पितळेचं असतं. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाचं बूड लोखंडाचं, वर पितळेचा नुसता मुलामा. काका ते फ्रिजवरच्या चुंबकानं ओळखतात. चुंबक चिकटला की त्यांचा चेहरा खुलतो. हे बूड बार झाल्यावर फुगतं, ते दाबून मापात आणावं लागतं. तोंडही लवकर फाटतं. म्हणून शहाणी माणसं ते फेकून देतात. काका चिंचवडच्या एका कारखान्यात जन्मभर टूलरूममध्ये होते. ते म्हणतात, "महागड्या टरफलात कुणीही भरेल. स्वस्ताला वळण लावण्यात मजा आहे."

प्रत्येक टरफल ते उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून तोंडात बघतात आणि निकाल देतात. "अजून एकदा होईल." किंवा, "झालं याचं." झालं म्हणजे झालं, थेट कचऱ्याच्या डब्यात. इथं दयामाया नाही. कड चिरलेली दिसली तर साक्षात गणपतीनं आणून दिलेलं टरफलही काका भरणार नाहीत. हाच निकाल ते चहाच्या चोथ्याला, सॉक्सना आणि माझ्या गाडीच्या वायपरलाही देतात. चहाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात फार सैल आहे. चोथ्याला ते कधीच 'झालं' म्हणत नाहीत.

दुसरा सिद्धांत कळ्यांचा. काही टरफलांना सहा घड्यांची सवय असते, काहींना आठ. सहावाल्याला आठ पाडायला गेलात की तोंड वाकडं. हा नियम काका माणसांनाही लावतात. न्यू लिनमधल्या एका आयटीवाल्याचं स्थळ मला सांगून आलं होतं. काकांनी त्याला चहा दिला, तो गेल्यावर कप विसळत म्हणाले, "मुलगा आठ कळ्यांचा आहे. तू सहा."

"म्हणजे मी कमी?"

"कमी कुठं म्हणालो? तू घट्ट मिटतेस."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, तीही सिव्हिल इंजिनिअरिंगची. त्यामुळे कुणी मला ओळखल्यासारखं बोलू लागलं की मला आधी राग येतो. तेव्हाही आला. पण त्या मुलानं पुढच्याच आठवड्यात फोन करून माझा पगार विचारला, आणि मी घट्ट मिटले.

सुमनकाकू मुलीच्या बाळंतपणासाठी ब्रिस्बेनला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. नातू आता शाळेत जातो. काका फोनवर त्याला मराठीत काहीबाही विचारतात, त्याला सगळं समजतं, तो उत्तरं इंग्रजीत देतो. "पुढच्या महिन्यात येते," असं काकू दर महिन्याला म्हणतात. "ये," काका म्हणतात, "पण आल्यावर परात मागू नकोस."

या घरात दारावर येणारा माणूस एकच, रॉस. दोन घरं सोडून राहतो. सगळं आयुष्य गाईंमागे गेलेला, दारासारखा रुंद म्हातारा. काकू ब्रिस्बेनला गेल्या त्याच सुमाराला "डिग्गी, घरात बसून काय करतोस?" म्हणून दिगंबर वैशंपायनांना पहिल्यांदा क्लबात नेलं ते त्यानंच. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी गेटपाशी त्याच्या युटचा, म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या गाडीचा, हॉर्न वाजतो. काका त्याच्या कितीतरी आधी तयार होऊन व्हरांड्यात बसलेले असतात. हॉर्न वाजला की मात्र आत जातात आणि "आलो, आलो! किती घाई या माणसाला!" म्हणत पुन्हा बाहेर येतात.

मधे रॉसच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. बंदुकीचा धक्का नेमका तिथंच बसतो. त्याची मुलगी म्हणाली, बंद करा. डॉक्टर म्हणाले, बंद करा. रॉस म्हणाला, "एकदा जरी खांदा ठणकला, तर त्या दिवशी बंदूक विकून टाकतो. कुरकुरत नेम धरणारा म्हातारा व्हायचं नाही मला." आणि नवल म्हणजे खांदा ठणकलाच नाही. काकांनी भरलेली काडतुसं, काकांनी केलेला चिवडा आणि फिजिओचा व्यायाम यांवर तो उत्तम चालला होता. श्रेय तो व्यायामाला द्यायचा. काका मान हलवायचे.

मग दसरा आला. काकांनी गॅरेजमध्ये यंत्राची पूजा मांडली. दांड्याला झेंडूची माळ, बंदुकीसमोर नारळ. काडतुसांची खोकी एका पत्र्याच्या पेटीत असतात, तीही उघडून ठेवली. एवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काका फोन फिरवून फिरवून त्यांना पूजा दाखवत होते. "दिवाळीला काही जमेलसं वाटत नाही हो," काकूंचा आवाज आला. काका म्हणाले, "बरं." फोन ठेवल्यावर पेटीकडे न बघताच त्यांनी झाकण लावलं, कपाटात ठेवली, कुलूप घातलं.

शनिवारी क्लबाचा वार्षिक सामना होता. मीही युटमध्ये मागं बसून गेले. मैदानावर पोचल्यावर काकांनी पेटी उघडली आणि तसेच उभे राहिले.

"कुंकू कुणी लावलं?"

"मी. दसऱ्याला."

"सगळ्या खोक्यांना?"

"मग? तुम्ही दोनच खोक्यांना लावलं होतंत. मला वाटलं, काकूंचा फोन आला म्हणून राहिलं. पूजा अर्धवट कशी ठेवायची?"

काका युटच्या फळीवर बसले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. रॉस लांब कुणाशी तरी हवामानावर बोलत होता.

"अगं बये," ते हळूच म्हणाले, "ती रॉसची खोकी होती. त्यात दारू कमी, छर्रे कमी. धक्का निम्मासुद्धा नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं हात लावला नसता. वर काही लिहिलं तर तो वाचणार. कुंकू बघून तो विचारत नाही, त्याला वाटतं आमचं देवाधर्माचं काहीतरी आहे."

"मग उघडून बघू."

"बघून काय कळणार? बाहेरून वेगळी दिसू नयेत म्हणून तर मी जीव काढला. तीच टरफलं, त्याच कळ्या."

मग त्यांनी दोन काडतुसं दोन तळहातांवर घेतली, सोनाराच्या तराजूसारखी. डोळे मिटले. पण फरक काही कळेना, आणि घाईत एक काडतूस निसटून खाली पडलं. मी म्हटलं, "काका, एक दिवस नाही खेळला तर काय बिघडतं?"

"वार्षिक सामना सोडेल तो? चुकीचं काडतूस घेईल, खांदा धरेल आणि सोमवारी बंदूक विकेल. शब्दाचा पक्का आहे मेला." त्यांनी खाली पडलेलं काडतूस उचलून पुसलं. "मग शनिवारी हॉर्न कोण वाजवणार? तू?"

तेवढ्यात रॉसच्या नावाचा पुकारा झाला आणि तो समोर येऊन उभा राहिला. त्यानं उघडी खोकी पाहिली, काकांचा चेहरा पाहिला. मग एकेका खोक्यातलं एक काडतूस उचलून हातातल्या हातात झेललं, जशी काही बाजारात बटाट्यांची परीक्षा चाललीय. दोन खोकी बाजूला काढली.

"हलकी ती माझी," तो म्हणाला.

काका फळीवरून उठले. "तुला माहीत होतं?"

"डिग्गी, आयुष्यभर गाईंच्या लाथा खाल्ल्यात मी. मला लाथ कळते. नसलेलीही कळते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू माझी माफी मागितली असतीस, मी तुझे आभार मानले असते. दोघांनाही जमलं नसतं." त्यानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. "बाकी ठिपके छान. सगळी खोकी सारखी दिसतात. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'.

रॉस रांगेत जाऊन उभा राहिला. काका एरवी प्रत्येक बारानंतर 'मागून मारलं', 'वरून गेलं' असं मराठीत पुटपुटतात. त्या दिवशी मात्र बशी फुटली की रॉसच्या खांद्याकडे बघत होते, बशीकडे नाही.

रॉसचा पहिल्या तिघांत नंबर काही आला नाही. पण परतला तेव्हा खांदा जागच्या जागी होता. एक टरफल तो मुठीत घेऊन आला होता. काकांसारखंच एक डोळा मिटून त्यानं ते उजेडाकडे धरलं आणि इतक्या शनिवारांत जे ऐकलं होतं ते त्याच्या जिभेला जमेल तसं म्हणाला, "अजुन एक्डा होइल?"

काकांनी टरफल हातात घेतलं. कड दोन ठिकाणी चिरलेली होती, मला उभ्या जागेवरून दिसत होती. कचऱ्याचं पिंप काकांच्या कोपराला लागून होतं.

"होईल," काका म्हणाले, आणि टरफल बंडीच्या खिशात ठेवून दिलं.