जोमाच्या घरातला गालिचा

जोमाच्या घरात शिरताना प्रत्येकाला भिंतीला चिकटून चालावे लागे. घर कुडाचे, जमीन शेणाने सारवलेली, आणि तिच्यावर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत गालिच्याची एक पट्टी: थोडी लाल, थोडी हिरवी, मध्येच निळी. त्या पट्टीवर कोणी पाय ठेवला की जोमा ओरडे, "ए बाबा, कडेने! तुझ्या बापाचा रस्ता हाय काय?"

आमच्या गावात, म्हणजे शेव्याच्या बाजूच्या खाडीकाठी, जो भाग आता नवी मुंबईत गणला जातो, अजूनही देवळाच्या पारावर ही गोष्ट सांगतात. सांगणारा दामा. त्याचे म्हणणे असे की जोमाने ते तुकडे मुंबईच्या साहेबांकडून चोरले होते, आणि सख्ख्या मेव्हण्यालाही त्यावर पाय ठेवू न देण्याइतका तो माजला होता. दामा तेव्हा मिठागरावर कामाला होता. जोमाच्या जोडीला गालिचे अंथरायला रोज लाँचने मुंबईत जात होतो तो मी. मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. तेव्हा दामाने ऐकावे.

चोरीचा मुद्दा आधी निकालात काढतो. सिनेमागृहाचा जिना असो की शेटजींचा दिवाणखाना, गालिचा कापल्यावर कडेचे तुकडे उरतात. ते मुकादम आम्हाला स्वतःच्या हाताने देत असे. मी माझे तुकडे बैलगाडीच्या बैठकीला लावले. मला कोणी चोर म्हटलेले नाही.

आता जोमाचे वेड. ते होते, मी नाकारत नाही. गालिच्याला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. दोन पट्ट्या जोडताना लव एकाच दिशेला आली नाही, तर एकाच कापडाची एक पट्टी काळपट दिसते आणि दुसरी फिकी. जोमाच्या हाताला या लवेची इतकी सवय झाली होती की जगातली कोणतीही वस्तू दिसली की तो तिच्यावरून तळवा फिरवी. म्हशीची पाठ, नवरदेवाची मखमली टोपी, नुकतेच केस कापून आलेल्या मेव्हण्याचे डोके. "हां," तो म्हणे, "लव मानेकडं पडते. बराबर हाय." एकदा एका पारशी बाईंच्या दिवाणखान्यात त्यांचे मांजर गालिच्यावर येऊन बसले. जोमाने ते उचलले, तोंड दरवाजाकडे करून पुन्हा ठेवले आणि मला म्हणाला, "उलटा बसला होता." बाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. जोमा हसला नाही. त्याने काम पुढे चालू केले.

घरातल्या पट्टीचे कारण मात्र वेगळे होते, आणि ते दामाला ठाऊक नाही असे नाही. सांगताना तो गाळतो. जोमाची बायको हिरा हिची नजर गेली होती. आधी संध्याकाळची गेली, मग दिवसाचीही. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. "आंधली बाय चूल कशी पेटवंल? जलून मरंल. मी नेतो तिला," तो म्हणाला. हिरा भिंतीशी उभी राहून एवढेच बोलली, "माझा घर सोरून मी नाय यायची."

जोमाने आठवड्याची मुदत मागून घेतली आणि जमिनीत बांबूच्या खुंट्या मारून ती पट्टी ताणून बसवली. लव चुलीकडे. पायाला मऊ लागले की पुढे चूल, खरखरीत लागले की पुढे दार. मेव्हणा परत आला तेव्हा हिराने उंबऱ्यापासून चुलीपर्यंत एकटीने जाऊन चहा केला आणि कप आणून त्याच्या हातात दिला. मेव्हणा उठून तिच्या मागोमाग पट्टीवरून चुलीकडे निघाला, तोच जोमा ओरडला, "कडेने!" दामा ज्याला माज म्हणतो तो हाच. दहा माणसांच्या पायांनी लव मोडली असती, तर हिराची वाट मोडली असती.

तिच्या पायांनीही ती झिजतच होती. झिजलेला भाग काढून जोमा नवा तुकडा बसवी. असाच एक तुकडा त्याने उंबऱ्याजवळ बदलला, आणि त्याच आठवड्यात हिरा गेली. खाडीच्या बांधातून पाणी सोडायची जी उघाडी असते, तिच्यात पडली. भरतीची वेळ होती.

येथे दामाचे शेवटचे खोटे येते. तो सांगतो, जोमाने तो तुकडा उलटा ठोकला. बिचारी चुलीकडे जाते असे समजून घराबाहेर पडली.

मी तिच्या दहाव्याच्या दिवशी त्या घरात होतो. जोमाने मला हाताला धरून उंबऱ्याशी बसवले. "माझ्या हाताचा मला भरवसा नाय राहिला. तू बघ."

मी तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. "सरळ आहे, जोमा."

"नीट बघ."

"सरळ आहे. देवाशपथ."

तेव्हा दारात बसलेली शेजारची वेणूबाई हळूच म्हणाली, "मी इचारलेला तिला, कुठं चालली गो? बोलली, लाँचचा भोंगा झाला, त्याला आनाया चालले. वाऱ्यानं लाँचीला उशीर झालता ना त्या दिशी. जीव लागंना तिचा."

जोमाने त्या तुकड्यावरून स्वतःचा तळवा फिरवला. मग म्हणाला, "हात चुकला असता तं बरा झाला असता."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने साठवलेले सगळे तुकडे घराबाहेर काढले आणि उंबऱ्यापासून बांधावरून लाँचच्या धक्क्याच्या दिशेने ठोकायला घेतले. चिखलावर लाल, हिरवे, निळे गालिचे. पारावरची माणसे बघायला आली. कोणी हसले, कोणी हळहळले. "जोमा, अरे आता कोनासाठी?" दामाने विचारले. जोमाने पुढची खुंटी ठोकली. मोठ्या भरतीला पाणी वर चढले की खुंट्या उपटून तुकडे खाडीत जात, आणि जोमा मुंबईहून दुसरे आणी.

गाव सांगते की तो बांधावर एकटाच ठोकत बसे. हेही चूक आहे. एका माणसाला गालिचा ताणता येत नाही. तो गुडघे टेकून एक टोक खुंटीला अडकवी, हातोडी उचली आणि मागे न पाहता म्हणे, "ताण."

मी ताणत असे.