उंबऱ्यावरचं पाणी आणि एला क्लबचा गोलरक्षक

आमच्या गावाचं नशीब कुणाच्या हातात असेल, तर ते माझ्या, या नेदल्काच्या! घरातून कुणी परीक्षेला निघो की सैन्यात, मी उंबऱ्यावर पाणी ओतते आणि काम पाण्यासारखं वाहतं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण माझ्या पाण्यावर घरात दोन डॉक्टर झाले. तिसराही झाला असता, पण परीक्षेच्या दिवशी तो गाढव खिडकीतून निघून गेला!

आमचा 'एला' हा बर्फावरच्या हॉकीचा क्लबसुद्धा याच उंबऱ्यावरून निघाला. माझ्या नवऱ्यानं, दोब्रीनं, गावचं तळं गोठलं तेव्हा काढला. काठ्या सुतारानं वाकवल्या, गुडघ्यांना माझ्या गादीतली लोकर बांधली, आणि गोलाची जाळी म्हणजे उसवलेली बटाट्याची पोती! राजधानीची, सोफियाची पोरं चकाचक हेल्मेट घालून यायची आणि वीस-वीस गोल मारून जायची. पण आमचे कधी सामना चुकवतील? नाव नको! बेकरीतली पाळी संपवून, गाई दोहून, घाटातला बर्फ उपसत जायचे. दाखवा अशी माणसं दुसरीकडे!

यंदा निम्मी पोरं कामाला जर्मनीला गेली. हॉकी संघटनेनं बजावलं, रविवारी पुरे खेळाडू आणि गोलरक्षक उभे राहिले नाहीत तर 'एला' कायमचा बाद. खेळाडू मोजून पुरे होते, वर एकही नाही. गोलरक्षक आमचा धाकटा, झाप्र्यान.

रविवारी सगळा संघ आमच्याच घरून निघणार होता. एवढं मोठं काम, त्याला लोटाभर पाणी कसं पुरेल? मी बादली उचलली.

"आई, बाहेर केवढी थंडी आहे! थोडंसं शिंपडा," सून म्हणाली. सेवेरिना, समुद्रकाठची.

"तुझ्या माहेरी अख्खा समुद्र, आणि तू मला पाण्याची काटकसर शिकवतेस?"

ओतली बादली! पायऱ्या भिजल्या, खाली उभ्या असलेल्या संघाच्या बसपर्यंतचा उतार भिजला. मग माझी माया उफाळून आली. "थांबा रे, उपाशी जाऊ नका! चीज भरलेली बानित्सा गरम आहे!"

पोरांनी दोन पराती फस्त केल्या. तेवढ्यात बाहेर पाण्यानं आपलं काम केलं.

पहिला निघाला झाप्र्यान. दारात दिसला, आणि पुढच्या क्षणी बसखाली! त्याच्यामागे सगळा संघ, काठ्या, पिशव्या, घरंगळत्या भोपळ्यांसारखा! जन्मभर बर्फावर नाचणारी माणसं माझ्या अंगणात उताणी! बाकीचे झटकून उठले. झाप्र्यानचा घोटा मात्र डबल रोटीसारखा फुगला.

"आई, हेच का तुझं नशीब?"

"मान मोडली नाही, हे नशीब नव्हे?" मी म्हटलं. दोब्रीचा क्लब माझ्या बादलीत बुडाला होता! मी गुपचूप बसमध्ये चढले. दोब्री शेजारी बसला.

मैदानावर पंचानं विचारलं, "गोलरक्षक कुठाय?"

सगळ्यांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.

"हा काय!" मी दोब्रीला पुढे ढकललं. "क्लब काढला त्या दिवसापासून खेळाडूंच्या यादीत याचं नाव आहे. दरसाल काढायला निघतात, दरसाल मी काढू देत नाही!"

"आजी, यांचं वय काय?"

"तुला गोलरक्षक हवाय की जावई?"

चिलखत दोब्रीच्या पोटावर बसेना, माझ्या शालीनं बांधलं. झाले की हो गोल! सतरा! पण शेवटी त्यांचा एक दांडगा एकटाच सुसाट आला. दोब्री पुढे सरकला, घसरला, आणि त्यानं मारलेली रबरी चकती माझ्या शालीत रुतून बसली! सोफियाच्या पोरांनी काठ्या बर्फावर आपटायला सुरुवात केली, आमच्या दोब्रीसाठी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं.

हरलो, पण 'एला' जिवंत!

"अडवलीस कशी रे?" परतताना मी विचारलं.

"तुझं पाणी बुटाखाली गोठलं होतं ना," दोब्री डोळे मिचकावत म्हणाला, "त्यानंच घसरलो."

ऐकलंस सेवेरिना? म्हणून पुढच्या रविवारी मी दोन बादल्या ओतल्या. पोरं शहाणी, मागच्या दारानं गेली. पुढच्या दारात त्यांना हात करायला फक्त मी गेले.

उजव्या हाताच्या प्लास्टरवर सगळ्या संघाच्या सह्या आहेत. त्यामुळे हे सगळं मी सांगतेय आणि सून लिहितेय. आता ही बया मधूनच हसतेय; मी सांगते तेच लिहितेय की आणखी काही, देव जाणे!