विरोधातले आगटेकाका

आगटेकाकांना कुणी "अगदी बरोबर" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ते चष्मा काढून पुसायला लागायचे आणि मघाशी आपणच मांडलेल्या मुद्द्यात खोट कुठे राहिली ते शोधायचे. जयपूरच्या एका हिंदी दैनिकात दर मंगळवारी त्यांचा राजकारणावरचा लेख यायचा. त्यावर वाचकांची पत्रंही यायची, पण काकांच्या मते त्यांत काही दम नसायचा. म्हणून गुरुवारी 'एक नाराज पाठक' या नावानं ते स्वतःच स्वतःच्या लेखाचा समाचार घ्यायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "अहो, विरोध करायचा तर तो जरा नीट व्हायला नको?"

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेत माझी भुसावळहून जयपूरला बदली झाली. क्वार्टर मिळेना, म्हणून शास्त्रीनगरात एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. आम्ही सामान लावत होतो आणि खाली कुणीतरी दूधवाल्याशी वाद घालत होतं. वाद हिंदीत होता, पण मध्येच "अहो पण, ऐका तर!" असं कानावर आलं. मी आणि माझी बायको शैला हातातलं टाकून खाली धावलो.

"तुम्ही मराठी का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," काका म्हणाले. "जन्मानं होतो. चाळीस वर्षं इथे काढल्यावर काय शिल्लक राहतं?"

आणि आपण मराठी उरलेलो नाही हे त्यांनी आम्हाला बराच वेळ, एकही हिंदी शब्द न वापरता, ठणठणीत मराठीत पटवून दिलं. तोवर त्यांच्या बायकोनं, कुमुदकाकूंनी, चहा केला होता. आमची मिनू पुढे दोन वर्षांत "बाबा, मतलब मी काय म्हणते" असं बोलायला लागली, पण काकांच्या तोंडून घरात कधी 'मतलब' आलेलं मी ऐकलं नाही.

अजमेरला मामांकडे शिकायला म्हणून ते राजस्थानात आले होते. पुढे एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासायला लागले आणि तपासता तपासता मजकुराशीच भांडायला लागले. समासात इतकं काही लिहून ठेवायचे की छापखान्यातल्या जुळाऱ्यांना अक्षर लावता येईना. शेवटी संपादक वैतागून म्हणाले, त्यापेक्षा वेगळ्या कागदावर लिहीत जा, छापून टाकू. अशी त्यांची पत्रकारिता सुरू झाली. नंतर त्यांनी बरीच वर्तमानपत्रं पाहिली. काहींनी त्यांना काढलं. एक मात्र त्यांनी आपण होऊन सोडलं, कारण तिथल्या मालकांनी दिवाळीच्या फराळाला बोलावून, तुमची मतं म्हणजे आमचीच मतं, असं सांगितलं होतं.

काकांचे विचार कोणत्या पक्षाचे, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सरकार बदललं आणि सगळं शहर गुलाल उधळत होतं, तेव्हा नव्या मंत्रिमंडळाचं अभिनंदन करून त्यांनी त्याच लेखात राजीनामा कधी देणार म्हणून विचारलं होतं. जयपूरला गुलाबी शहर म्हणणंही त्यांना मान्य नव्हतं. हा रंग गेरूचा आहे आणि हे न दिसणारी जनता मतदान कसं करते याचं आपल्याला आश्चर्य वाटतं, असं ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे. कुमुदकाकूंनी या स्वभावाशी आपल्यापुरता तह केला होता. काकांचा खोकला थांबेना तेव्हा त्या नुसतं म्हणाल्या, डॉक्टरकडे जाण्यासारखं त्यात काही नाही. काकांनी जाण्यासारखं काय काय आहे ते तासभर सांगितलं आणि तसेच दवाखान्यात गेले.

त्या काळात राज्यात पाणीखात्याचे एक मंत्री होते. काका हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. मंत्रीजींचा एक कालवा होता. त्याचं उद्घाटन झालं, त्याचे फोटो छापून आले, पण पाणी काही त्यात आलं नाही. काका वर्षानुवर्षं त्या कोरड्या कालव्यावर लिहीत राहिले. मंत्रीजींनी चहाला बोलावलं, हे गेले नाहीत. मालकांकडे तक्रार केली, यांनी तक्रारीवर लेख लिहिला.

मग निवडणूक आली आणि मंत्रीजी पडले. चांगले दणकून पडले. गल्लीत फटाके वाजले. समोरचे शर्माजी घेवरची मिठाई घेऊन आले, कुणी हार आणला. काकांनीच मंत्र्याला पाडलं असं सगळे म्हणत होते आणि काका हार हातात धरून अपराध्यासारखे बसले होते. पेपरचे संपादकही घरी येऊन सांगून गेले, या मंगळवारी शेवटचा घाव घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. "सोनवणे, स्कूटर काढा. सिव्हिल लाइन्सला जायचंय."

मंत्रीजींच्या बंगल्यासमोर एरवी मोटारी लावायला जागा नसायची. त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं आणि आत सामान भरायला आलेला एकच ट्रक उभा होता. मंत्रीजी कडुनिंबाखाली, गुंडाळून बांधलेल्या गादीवर बसले होते, अंगात नुसती बंडी. त्यांनी काकांना ओळखलं आणि म्हणाले, "आइए. तमाशा देखने आए हैं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि ते शेजारच्या पेटीवर बसले. मग काकांनी सांगितलं की कालव्याबद्दल लिहिलेला शब्दन्‌शब्द खरा आहे, त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही. पण बाडमेरकडच्या वाळवंटात तुम्ही हापसे बसवले, ते मी जाऊन पाहिले. स्वतः हापसून पाणी प्यालो. चांगलं काम होतं.

मंत्रीजी बघतच राहिले. "तो लिखा क्यों नहीं?"

"तब सब वही लिख रहे थे," काका म्हणाले.

मंत्रीजी आधी चिडले की आधी हसले, हे मला आजही सांगता येणार नाही. ट्रक भरणारी माणसं मात्र काम थांबवून त्यांच्याकडे पाहायला लागली.

मंगळवारी काकांचा लेख आला तो हापशांवर. तो छापून यावा म्हणून त्यांना संपादकांच्या टेबलावर राजीनामा ठेवावा लागला होता. संपादकांनी तो फाडला आणि लेख आतल्या पानावर तळाशी टाकला. तरी व्हायचं ते झालंच. आगटेजी विकले गेले, असं गल्लीत बोललं गेलं. शर्माजी समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडायला लागले. काका एकदम ताजेतवाने झाले. अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून विचारायचे, कोण म्हणतं मी विकलो गेलो, बसा, मुद्देसूद बोलू.

पुढे दर रविवारी त्यांना राजापार्कला जायचं असायचं. मंत्रीजी तिथे मुलाच्या घरी राहायला गेले होते. मीच स्कूटरवरून सोडायचो. बाहेर थांबलो की दोघांचे चढलेले आवाज ऐकू यायचे. विषय तोच, कालवा. निष्कर्ष काही निघत नसे.

एका रविवारी वाटेत मी विचारलं की आता त्या माणसाकडे सत्ता नाही, त्याच्याशी भांडून तुम्हाला मिळतं काय? काका बराच वेळ मागे गप्प बसले. ते गप्प बसले की मला उगाच स्कूटर बिघडल्यासारखी वाटायची.

मग म्हणाले, "माझे वडील गावच्या नगरपालिकेची निवडणूक हरले होते. त्याआधी आमच्या ओसरीवर रोज भांडणं चालायची. हरल्यावरही लोक आले, थोडे दिवस. पण अण्णा काहीही बोलले तरी 'हो अण्णा, खरं आहे अण्णा' म्हणायचे आणि उठून जायचे. हरलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही हो, सोनवणे. अण्णा संध्याकाळभर दाराकडे बघत बसायचे. मी आठ-नऊ वर्षांचा. मला वाद घालता येत नव्हता."

राजापार्कच्या बाजारात नेहमीची गर्दी होती, त्यातून स्कूटर हळूहळू काढली. घराच्या फाटकाशी मंत्रीजींची सून उभी होती. काकांना बघून तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं की बाबूजी सकाळपासून इस्त्रीचा कुर्ता घालून बसलेत, गाडीचा आवाज आला की खिडकीत जातात.

काकांनी ते ऐकलं. तुमच्या स्कूटरला शक्तीच नाही, उशीर तुमच्यामुळे झाला, असं मला झापलं. मग त्या वयात जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. दार अजून उघडायचं होतं, तोच त्यांनी जिन्यातूनच पहिला मुद्दा सुरू केला, आणि आतून त्याला तितक्याच जोरात उत्तर आलं.