रशीदभाईंची साइट उघडते का?

दिग्रसच्या एसटी स्टँडवर सकाळी सातच्या सुमारास तुम्ही यवतमाळच्या गाडीत बसलेले असाल आणि एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ खिडकीशी येऊन अदबीने म्हणाले, "भाऊ, फोनमंधी नेट हाय का? एक साइट उघडून पाहता का जराशी?" तर घाबरू नका. त्यांना तुमचा ओटीपी नको असतो. ते आमचे रशीदभाई. स्वतःची वेबसाइट उघडते की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

माणूस भला असला तर उघडून दाखवतो. पडद्यावर कुठलेतरी नवरा-नवरी हसत उभे राहतात. तेवढ्याने रशीदभाईंचं भागत नाही. किती वेळात आली, असं ते विचारतात. लगेच आली म्हटलं, तर लगेच म्हणजे दोन सेकंद का चार, हे त्यांना हवं असतं. मग पुढची विनंती येते. दारव्ह्याला गाडी थांबली की पुन्हा एकदा उघडा, यवतमाळला उतरल्यावर आणखी एकदा, आणि मला फोन करा. असं म्हणून ते खिशातून कार्ड काढून देतात. यातले निम्मे लोक खरंच फोन करतात. आमच्या जिल्ह्यातली माणसं मला यासाठीच आवडतात.

मी त्यांना एकदा विचारलं की तुमचा स्वतःचा फोन काय वाईट आहे. तर म्हणाले, "मास्तर, माह्या फोनले त्या साइटची सवय झाली. साइट बंद असली तरी थो कालचंच दाखोते अन् म्हणते सब ठीक हाय. घरच्या माणसाच्या साक्षीले काई किंमत असते का?" पुढे इंजिनिअर झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं की फोन खरोखरच तसं करतो. रशीदभाईंचं बोलणं पहिल्यांदा विचित्र वाटतं आणि महिनाभराने बरोबर निघतं, हा माझा कायमचा अनुभव आहे.

मी इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ माझ्या घरासमोर, आणि स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. तीसेक वर्षं झाली, आसपासच्या तालुक्यांतली लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं त्यांनीच टिपली आहेत. त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी रुबिना लग्न होऊन हैदराबादला आहे. रशीदभाई एकटे असतात, पण एकटे वाटत नाहीत, कारण सकाळपासून त्यांचा फोन वाजत असतो. पुसदहून त्यांची बहीण सांगते, इथं उघडली. पांढरकवड्याला हायवेवर त्यांच्या मावसभावाचं पंक्चरचं दुकान आहे. तो चाक काढता काढता ट्रक ड्रायव्हरांच्या फोनवर साइट उघडायला लावतो. त्यामुळे आर्णीच्या एका मुलीची हळद तामिळनाडूपासून पंजाबपर्यंतच्या ड्रायव्हरांनी पाहिलेली आहे. एकाने तर पोरगी चांगली दिसते, सुखी राहो, असा निरोपही पाठवला. रशीदभाईंनी तो मुलीच्या वडिलांपर्यंत पोचवला.

"खात्री झाली का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. चहा दिला की साखर टाकल्याची खात्री झाली का. मी गाडीला कुलूप लावलं की खात्री झाली का. आमच्या घरी आले आणि निघताना दार ओढून घेतलं, की बाहेरून एकदा ढकलून पाहतात आणि मग आतल्या माणसाला विचारतात.

त्यांचा हा स्वभाव वेबसाइटने बनवला, की या स्वभावामुळे वेबसाइटने त्यांना छळलं, सांगता येत नाही. आल्बमचे फोटो निवडायला गिऱ्हाइकं आता दुकानात येत नाहीत, घरबसल्या साइटवर पाहतात. नवरदेवाचा भाऊ पुण्यात, मामा नागपुरात, सगळे एकाच वेळी बघतात. म्हणून साइट हवी. साइट म्हटली की ती कुणाच्या तरी मशीनवर ठेवावी लागते. पहिल्यांदा त्यांनी ती यवतमाळच्या एका ओळखीच्या पोराकडे ठेवली. त्याचं इंटरनेट कॅफे होतं. तो संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचा, त्याबरोबर रशीदभाईंची साइटही बंद व्हायची. रविवारी कॅफेला सुट्टी, म्हणून साइटलाही सुट्टी. गिऱ्हाइकांना ते प्रामाणिकपणे सांगायचे, "रविवारी नका पाहू, रविवारी थे बंद असते." गिऱ्हाइकं ऐकूनही घ्यायची.

मग एक मोठी कंपनी घेतली. तिच्या माणसाने फोनवर ऐटीत सांगितलं, नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळ तुमची साइट चालू राहणार. रशीदभाई फोन तसाच धरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि उरलेला वेळ किती होतो, असं विचारलं. मी हिशेब करून सांगितलं, वर्षाला साधारण पावणेनऊ तास. त्यांनी फोनवरच्या माणसाला विचारलं, "थे पावणेनऊ घंटे कोणत्या तारखेले हायेत, थे आधी सांगून ठेवा ना. म्हंजे मी लोकाईले सांगून ठेवतो." पलीकडचा माणूस योजनेचे दर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मग रशीदभाईंनी मशीनच्या खोलीत उंदीर आहेत का, हे विचारलं. कापसाच्या जिनिंगजवळ त्यांचं पहिलं दुकान होतं तेव्हा उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांना रास्त वाटत होता. फोन कट झाला.

त्या कंपनीवर त्यांनी कधीच पूर्ण भरवसा ठेवला नाही. प्रत्येक लग्नाच्या फोटोंच्या चार प्रती ते चार हार्ड डिस्कांवर ठेवतात. एक स्टुडिओत, एक घरी, एक पुसदला बहिणीकडे आणि एक आमच्याकडे, कपाटात, स्टीलच्या डब्यात. महिन्यातून एकदा ते डिस्क बघायला येतात. माझी बायको सुवर्णा डबा काढून पुढ्यात ठेवते. ते झाकण उघडतात, बघतात, झाकण लावतात. चहा होतो. सुवर्णा म्हणते, वसतिगृहात ठेवलेल्या पोराला भेटायला बाप यावा तसे हे येतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी साइट बंद पडली. नुसतं पांढरं पान. स्टँडवरून, पुसदहून, पांढरकवड्याहून एकच खबर आली. कंपनीने पहिल्या दिवशी सांगितलं की काम चालू आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की मशीन खराब झालं आहे, त्यावरचं काही परत येणार नाही, आणि प्रत सांभाळून ठेवण्याची सोय तुमच्या योजनेत नव्हती.

मी कपाटातून आमचा डबा काढला आणि जवळजवळ आनंदाने समोर गेलो. आज या माणसाच्या सगळ्या विक्षिप्तपणाचं चीज होणार होतं. चार-चार प्रती होत्या. कंपनीला तोंडावर सांगता आलं असतं. पण रशीदभाई स्टुडिओत फोटो काढायला ठेवलेल्या स्टुलावर, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं, बसले होते. मी डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण उघडला नाही.

"गिऱ्हाइकाईचं सगळं हाय मास्तर," ते म्हणाले. "थे येईन परत. एक पान गेलं. त्याची कॉपी नाई ठेवली मी."

मला खरं वाटेना. जो माणूस दुसऱ्याच्या बारशाचे फोटो चार गावांत ठेवतो, त्याने कशाची तरी प्रत ठेवली नव्हती. मी विचारलं, काहून?

"थे काई गिऱ्हाइकाचं नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या बोलण्यासारखं भरभर आलं नाही. शमीमभाभी त्यांच्याबरोबर प्रत्येक लग्नात असायच्या, हे मला माहीत होतं. बायकांच्या बाजूचे फोटो काढताना त्या बरोबर असल्या की बायका मोकळ्या होत. थर्माकोलच्या पाटीला चंदेरी कागद चिकटवलेला असे. ती पाटी धरून त्या नवरीच्या बाजूला, फोटोच्या जरा बाहेर उभ्या राहत आणि उजेड नवरीच्या चेहऱ्यावर टाकत. सगळं आयुष्य त्या अशा फोटोच्या बाहेर उभ्या राहिल्या. स्वतःचा फोटो काढू देत नसत. माझं काय काढता, गिऱ्हाईक ताटकळलंय, म्हणत. त्या गेल्यानंतर रुबिनाने अम्मीचा एखादा चांगला फोटो मागितला, तेव्हा या नामांकित फोटोग्राफरच्या घरात आधार कार्डावरचा सोडून एकही निघाला नाही.

तेव्हा त्यांना आठवलं की मूळ फोटोंमध्ये कधीकधी कडेला भाभींचा हात यायचा. पाटी धरलेली बोटं, मनगटावरच्या बांगड्या, क्वचित ओढणीचं टोक. आल्बम करताना ते ही कड कापून टाकत. आता त्यांनी उलटं काम सुरू केलं. हजारो मूळ फोटो काढून पाहिले आणि जिथं हात होता ते सगळे एका पानावर लावले. त्यात वर्ष गेलं. साइटवर त्या पानाला नाव नव्हतं, आणि कुठूनही त्याकडे जाता येत नव्हतं. पत्ता फक्त बापाला आणि लेकीला ठाऊक होता. रुबिना हैदराबादला दुपारी जेवताना ते पान उघडून ठेवायची. साइट बंद पडली त्या दिवशी पहिला फोन तिचाच आला होता. "अब्बू, अम्मी खुल नहीं रही," असं ती म्हणाली. रशीदभाईंनी हे वाक्य मला सांगितलं आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

मी म्हणालो, सुट्टी दहा दिवस उरली आहे. बसू.

रोज दुपारी जेवून मी समोर जायचो. ते एका कॉम्प्युटरवर, मी दुसऱ्यावर. एकामागून एक लग्नं डोळ्यांपुढून जायची. मी आयुष्यात प्रथमच लग्नाचे फोटो नवरा-नवरीकडे न बघता पाहत होतो. पहिल्या दिवशी मला एकही हात सापडला नाही. मी कुणा करवलीचा हात दाखवायचो आणि ते मान हलवायचे. "तिची करंगळी अशी बाहेर राह्यते," असं म्हणून त्यांनी स्वतःची करंगळी वाकडी करून दाखवली. त्यानंतर मला जमू लागलं. दारव्ह्याच्या लग्नात हिरव्या बांगड्या. नेरच्या लग्नात बोटाला चिंधी, त्या सकाळी भाजी चिरताना कापलं होतं. पुसदच्या एका उन्हाळ्यातल्या लग्नात पाटी तिरकी झाली होती, तेव्हा पाहुण्यांनी सरबताचा पेला भाभींच्या दुसऱ्या हातात दिला होता. प्रत्येक हाताची रशीदभाईंना गोष्ट माहीत होती. सांगताना ते हसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही दोघंही बऱ्यापैकी मजेत होतो. सुवर्णा चहा घेऊन यायची आणि तीही एखादा हात शोधून जायची.

दरम्यान साइट परत उभी राहिली. या वेळी रशीदभाईंनी ती दोन कंपन्यांकडे ठेवली आहे. एक पडली तर दुसरी आहे. दोघींनाही दुसरीबद्दल सांगितलेलं नाही. "सांगतलं तं दोघी निवांत होतीन," असं त्यांचं म्हणणं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी माझ्या पडद्यावर माझंच लग्न आलं.

आमच्या आल्बममध्ये स्टेजवरचा एक फोटो आहे. त्यात मी समोर बघतोय आणि सुवर्णा बाजूला बघून हसतेय. चौदा वर्षं घरात त्यावरून थट्टा चालली आहे की ती कुणाकडे बघत होती. सुवर्णाला स्वतःलाही आठवत नव्हतं. मूळ फोटो उघडला, तर डाव्या कडेला थर्माकोलची पाटी, लाल बांगड्या आणि ती वाकडी करंगळी. सुवर्णा त्या हाताच्या वर, फोटोबाहेर असलेल्या चेहऱ्याकडे बघत होती. मी तिला हाक मारली. ती आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि मग तिला सगळं आठवलं. स्टेजवर माहेरचं कुणी जवळ नव्हतं, ती मान खाली घालून उभी होती, आणि भाभी हळूच म्हणाल्या होत्या की हनुवटी वर घे बेटा, फार सुंदर दिसून राह्यली तू.

सुवर्णाने रशीदभाईंना सांगितलं की हा फोटो असाच, न कापता, मोठा करून द्या. त्यांनी आढेवेढे घेतले. पाटी आल्यावर फोटो एका बाजूला जड होतो, बघणाऱ्याचं लक्ष नवरीवरून उडतं, धंद्याच्या दृष्टीने हा चुकलेला फोटो आहे, असं बरंच काही म्हणाले. सुवर्णा ऐकेना. आठ दिवसांनी ते स्वतः फ्रेम घेऊन आले, स्वतःच खिळा ठोकला. बैठकीतल्या भिंतीवर फोटो लागला. आम्ही दोघं बघत उभे होतो. रशीदभाई दोन पावलं मागे सरकले आणि डोळे बारीक करून, एखाद्या दुसऱ्याच्या कामाकडे बघावं तसं, बराच वेळ बघत राहिले.

"उजेड बरोबर पाडला होता तिनं," ते म्हणाले.