वानखडे सर आणि त्यांचे गोचीड

ज्यात वानखडे सरांना गोचीड बसवता येत नाही, असा विषय जगात नाही. संशोधन अनुदानाची जाहिरात आली की ते ती स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "बसवून देऊ!" महिला सक्षमीकरण आलं, सरांनी 'गोचीडमुक्त गोठ्यातून महिला सक्षमीकरण' पाठवलं. एकदा विषय संतसाहित्याचा निघाला. आता तरी सुटलो, असं आम्हाला वाटलं.

"काऊन? संतायच्या घरी ढोरं नव्हते का?" म्हणत सर लिहायला बसले.

सर प्राणिशास्त्राचे. मी शेजारच्या खोलीत भूगोल शिकवतो. सोनाळा गावच्या बैलाचा गोचीड वेगळा आणि पिंपळगाव राजाच्या म्हशीचा वेगळा, हे दाखवायला ते बाटल्या घेऊन माझ्याकडे येत. यंदा त्यांनी सहसंशोधक म्हणून माझंच नाव टाकलं.

"सर, माझा विषय भूगोल!"

"मंग? गोचीड काय हवेत राह्यते?"

आजवरचे सगळे प्रस्ताव परत आले. गेल्या वर्षी नकार आला तेव्हाही सर खचले नाहीत. "मांगच्या साली नुसतं नामंजूर म्हने. आता 'खेद आहे' म्हनून राह्यले. सुधरून राह्यले लोकं!"

यंदा मात्र पहिल्यांदाच ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. सरांची नोकरी थोडीच उरलेली. नियमानं हा त्यांचा शेवटचा अर्ज. इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या शेजारी बसले आणि असे बोलले, की पडद्यावरचे तज्ज्ञ चक्क खूश झाले.

"सूक्ष्मदर्शक मंजूर, प्रवासखर्च मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "फक्त संशोधन सहायकाचं पद काढा. प्रयोगशाळेतलं काम एकट्याचं आहे."

मी टेबलाखाली सरांना पाय मारला. "हो म्हणा!"

संतांच्या गोठ्यात शिरलेल्या या माणसानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. मग म्हणाला, "ते नाही जमनार, साहेब."

"मग आम्हाला मंजुरी देता येणार नाही."

"हाव. राहू द्या मंग."

पडदा बंद झाला आणि मी भडकलो. "अहो, शीर्षक बदला म्हटलं असतं तर दहा वेळा बदललं असतं तुम्ही! एक पद सोडायला काय जात होतं?"

"शीर्षक काय घेऊन बसले? गोचीड काढा म्हनले असते, तं तेबी काढले असते. मानूस कसा काढू?" सर टेबलावरची बाटली पुसू लागले. "आमच्या विभागात चौघं होतो. तिघं रिटायर झाले, जागा काही भरल्या नाही. आता मीच बोलतो अन् मीच आयकतो. भिंगाखाली काही भारी दिसलं, तं 'पहा बे' म्हनासाठी कोनी पाह्यजे का नाही?"

आता लपवत नाही. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत आहे. 'वा रे पठ्ठ्या!' असं ते गोचिडाला म्हणतात, तेही मला ऐकू येतं. पण ते बाटली घेऊन दारात दिसले, की मी उत्तरपत्रिका पुढे ओढून मान खाली घालायचो. वर्षानुवर्षं. परीक्षा नसल्या तरी.

मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "दाखवा, काय आहे त्यात?"

सरांनी बाटली उचलली, पण झाकण उघडलं नाही. "तुमाले पेपर तपासाचे असतीन ना?"

"नाहीत, सर," मी म्हणालो. "कधीच नव्हते."